बिनतारी यंत्रे, आकाशातील वीज आणि अर्थिंग

वैशाखाच्या उत्तरार्धात दुपार कलली की पश्चिमेकडे ढग चढू लागतात, वावटळ उठते, आणि वळिवाची पहिली सर येण्यापूर्वीच विजा चमकू लागतात. विदर्भ, मराठवाडा व घाटमाथ्याच्या पूर्वेकडील पठारी जिल्हे यांत मॉन्सूनपूर्वीचे हे दिवस आणि पुढे परतीच्या पावसाचे दिवस हेच विजेचे खरे दिवस होत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. माणसाच्या जिवापुढे यंत्राची किंमत ती काय, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. तथापि ज्या वाटेने वीज यंत्रात शिरते त्याच वाटेने ती यंत्रापाशी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे यंत्राच्या रक्षणाचा विचार आणि माणसाच्या रक्षणाचा विचार हे दोन वेगळे राहत नाहीत.

गेल्या काही वर्षांत गावोगावी उघड्यावर उभी राहिलेली बिनतारी यंत्रे मोजू गेल्यास त्यांची संख्या थोडी नाही. महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयावर किंवा जलकुंभावर इंटरनेटची तबकडी दिसते. चौकातील कॅमेरे, द्राक्ष व डाळिंबाच्या बागेत पानांचा व जमिनीचा ओलावा टिपणारी यंत्रे, मळ्यातील विहिरीपासून घरापर्यंत संदेश पोहोचविणारे छोटे अँटेना ही सर्व याच वर्गातील होत. दूरवर नीट संदेश जावा म्हणून ही यंत्रे आपण मुद्दाम उंच जागी लावतो. विजेलाही उंच जागाच सापडते.

गावाला हा प्रश्न अगदी नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळे चालविली. छपरावर लांब एरियल बांधून रेडिओ ऐकण्याच्या त्या काळात, घरात येणारी एरियलची तार खिडकीपाशी एका दुहेरी खटक्याला जोडावी आणि आभाळ आले की खटका फिरवून ती तार थेट जमिनीशी जोडावी, अशी शिफारस असे. आजची यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्याजवळ खटका फिरविण्यास कोणी बसलेले नसते. म्हणून जे काम तेव्हा माणूस करी ते आता कायमच्या जोडणीने करून ठेवावे लागते.

बिनतारी यंत्र जळते ते तारेमुळे

ऐकण्यास विचित्र वाटले तरी हे खरे आहे. खांबावरील यंत्रातून निघणारी एक केबल घरात येते. तिच्यातूनच यंत्राला विद्युत पुरवठा मिळतो आणि तिच्यातूनच संदेशांची ये-जा होते. घरातील राउटर, त्याला जोडलेला संगणक व भिंतीतील विद्युत पुरवठा हे सर्व या एका केबलच्या दुसऱ्या टोकाला असतात.

आता नेहमी आढळणारी मांडणी पाहू. कार्यालयाच्या मागील बाजूस छतावर लोखंडी खांब आहे. बसविणाऱ्याने खांबाजवळ जमिनीत एक सळई ठोकून खांब तिला जोडला आहे व अर्थिंग झाले म्हणून सांगितले आहे. इमारतीचे मूळ अर्थिंग मात्र पुढील बाजूस मीटरपाशी आहे. ही दोन अर्थिंगे एकमेकांना जोडलेली नाहीत. वरवर पाहता येथे एकाऐवजी दोन अर्थिंगे असल्याने सुरक्षितता दुप्पट झाली असे वाटते. वस्तुतः सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे.

आकाशातून पडणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणपणे ३०,००० अँपियर असतो. क्वचित तो याच्या कितीतरी पटीने मोठा असतो. खांबाच्या सळईचा जमिनीशी रोध अगदी चांगला, म्हणजे १० ओहम आहे असे धरू. ३०,००० ला १० ने गुणले की ३,००,००० व्होल्ट होतात. वीज पडल्याच्या क्षणी खांब, त्यावरील यंत्र व मागील सळई यांचा विद्युत् दाब तीन लाख व्होल्टपर्यंत चढतो, आणि पुढील बाजूचे अर्थिंग त्या मानाने जवळजवळ शून्यावरच राहते. या दोहोंना जोडणारा पूल एकच असतो, तो म्हणजे ती बोटापेक्षा बारीक केबल. अशा केबलच्या टोकांना असलेले विलगीकरण साधारण १,५०० व्होल्ट सहन करील अशा मापाचे असते. दोनशे पटींचा भार त्यावर आला म्हणजे काय उरणार? यंत्र, राउटर, संगणक हे सर्व एकाच तडाख्यात जातात, आणि त्या वेळी कोणाचा हात राउटरवर असेल तर त्याची धडगत नसते.

वीज खांबावरच पडली पाहिजे असेही नाही. शे-दोनशे मीटरवरील बाभळीवर पडली तरी जमिनीत पसरणाऱ्या प्रवाहामुळे मागील सळई व पुढील अर्थिंग यांच्या दाबांत तफावत पडते आणि केबलमधून प्रवाह वाहू लागतो. वीज कोठेच पडलेली दिसली नाही, तरी यंत्र मेले, अशी जी तक्रार येते तिचे कारण बहुधा हे असते.

यावर उपाय एकच: खांबाचे अर्थिंग आणि इमारतीचे अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांस जोडून टाकणे. हे सांगितले की एक शंका हमखास निघते. “खांबाचे अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडले तर आकाशातील वीज आपण होऊन घरात आणल्यासारखे नाही का होणार?” शंका रास्त आहे, परंतु केबल ओढली त्याच दिवशी विजेला घरात येण्याचा रस्ता मिळालेला आहे. नदीला पूर आला की नाव वर उचलली जाते व तीत बसलेली सर्व माणसे तिच्याबरोबर वर जातात. त्यांचे काही बिघडत नाही. एक पाय नावेत व एक काठावर ठेवणारा मात्र फाटतो. सर्व अर्थिंगे एकत्र जोडणे म्हणजे सर्वांना एका नावेत बसविणे होय. दाब चढला तरी सर्वांचा एकदम चढतो, आणि केबलच्या दोन टोकांत तफावत राहत नाही.

सर्वांना एकच दार

ही जोडणी कोठे करावी, यालाही महत्त्व आहे. केबल इमारतीत जेथे शिरते तेथे, भिंतीच्या बाहेरील अंगास, तांब्याची एक पट्टी बसवावी. खांबावरून उतरलेली पट्टी, केबलचा सर्ज प्रोटेक्टर, विद्युत पुरवठ्याच्या पेटीतील सर्ज प्रोटेक्टर व इमारतीचे अर्थिंग ही सर्व या एका पट्टीवर यावीत. बनेल तर केबल व विद्युत पुरवठा इमारतीच्या एकाच बाजूने आत घ्यावेत. एक मागच्या दाराने व दुसरा पुढच्या दाराने आला की मधली लांब जोडणी निरुपयोगी ठरू लागते.

लांब जोडणी निरुपयोगी का, हे समजून घेतले पाहिजे, कारण येथे पुष्कळ जाणते वायरमनही फसतात. घरगुती विद्युत पुरवठ्यात तार जाड असली की पुरे. विजेचा प्रवाह मात्र एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात हजारो अँपियरांनी वाढतो, आणि इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाहाला सरळ तारसुद्धा अडविते. दशलक्षांश सेकंदास १०,००० अँपियर या वेगाने प्रवाह वाढला तर तारेच्या दर मीटर लांबीमागे सुमारे १०,००० व्होल्ट उभे राहतात. उत्तम दर्जाचा सर्ज प्रोटेक्टर घेऊन त्याची अर्थिंगची तार तीन मीटर फिरवून नेली, तर त्याच्या दर्जाचा काही उपयोग होत नाही. ती तार हातभर असावी, सरळ असावी, आणि उरलेल्या तारेचे वेटोळे करून खिळ्याला अडकविण्याची सवय पार सोडून द्यावी. वेटोळे व काटकोनी वळण ही दोन्ही वर्ज्य समजावीत.

सर्ज प्रोटेक्टर केबलच्या दोन्ही टोकांस हवा: एक वर यंत्राजवळ खांबाला जोडलेला व दुसरा खाली प्रवेशाच्या पट्टीपाशी. एकच परवडत असेल तर खालचा घ्यावा, कारण त्याच्यामागे माणसे असतात. केबल घेताना आतून धातूचे आवरण असलेली घ्यावी आणि ते आवरण पट्टीला जोडावे. जोडपट्ट्यांसाठी तांबे १६ चौरस मिलीमीटर जाडीचे असावे. खांबावरून उतरणारी मुख्य पट्टी ५० चौरस मिलीमीटरपेक्षा कमी नसावी; २५ मिलीमीटर रुंद व ३ मिलीमीटर जाड अशी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी या कामास पुरते. तांबे विद्युतवहनास सरस खरे, पण उघड्यावरील तांब्याची पट्टी पहिल्या अमावास्येला नाहीशी होते हा अनुभव सर्वत्र आहे. जी जागेवर राहील ती पट्टी चांगली. तांबे व जस्ताचे लोखंड यांचा सांधा मात्र नुसता आवळू नये. ओलाव्यात तो गंजतो. दोन्ही धातूंसाठी बनविलेला क्लॅम्प वापरावा. तारेला पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणे याला सांधा म्हणत नाहीत.

दोन इमारतींमध्ये किंवा घर व विहीर यांमध्ये अंतर मोठे असेल तर तांब्याची केबल जमिनीतून ओढण्यापेक्षा काचतंतूची केबल घ्यावी. तिच्यातून प्रकाश जातो, विद्युत् प्रवाह जात नाही. मात्र तिच्या सोबत बळकटीसाठी धातूची तार नाही ना, हे विकत घेताना विचारावे. याहून सोपी मांडणी बागेतील सौर पट्टीवर चालणाऱ्या यंत्राची. त्याचा खांब, पेटी, सौर पट्टीची चौकट व अर्थिंग सर्व एकाच जागी असून घराशी त्याला कोणतीही तार जोडत नाही. असे यंत्र नावाप्रमाणे खरोखरीच बिनतारी असते. पुढे कोणी सोय म्हणून घरातून एक तार ओढून त्याला जोडली की ती सुरक्षितता संपली.

मोबाईलवरून चालू होणाऱ्या पंपाच्या स्टार्टरविषयी दोन शब्द. त्याचा अँटेना लहान व खाली असतो. विजेचा तडाखा त्याला येतो तो बहुतेक वेळा खांबावरील विद्युत वाहिनीतून. तेव्हा सर्ज प्रोटेक्टर पुरवठ्याच्या बाजूस हवा.

जमीन कशी आहे?

अर्थिंगचा रोध सळईवर थोडा व जमिनीवर फार अवलंबून असतो. ओल्या काळ्या जमिनीचा विशिष्ट रोध सुमारे २० ओहम-मीटर धरला तर ३ मीटर लांबीची एक सळई ७ ओहमच्या आसपास रोध देते. तीच सळई २०० ओहम-मीटरच्या मुरमात ठोकली तर ६७ ओहम येतात. आणि हातभर मातीखाली काळा पाषाण लागत असेल तर सळई ठोकलीच जात नाही.

काळ्या जमिनीच्या शेतकऱ्याने मात्र निश्चिंत होऊ नये. ही जमीन चैत्र-वैशाखात आक्रसते, तिला भेगा पडतात, आणि त्या भेगा हाताने मापता येणार नाहीत इतक्या खोल जातात. भेग सळईच्या कडेने गेली तर सळई पोकळीत उभी राहते. श्रावणात मोजलेला उत्तम रोध वैशाखात कित्येक पटींनी वाढलेला असतो, आणि विजा तर वैशाखातच येतात. ज्या वेळी अर्थिंगची सर्वांत अधिक गरज त्याच वेळी ते सर्वांत अधिक दुबळे, असा हा उलटा योग आहे. म्हणून काळ्या जमिनीत आखूड सळई घालू नये. ३ मीटरची सळई भेगांच्या थराखाली, कायम ओल असलेल्या मातीत उतरली पाहिजे. तिच्याभोवती पाणी घालण्यासाठी छोटे आळे करावे आणि पाडव्यापासून मृगापर्यंत आठवड्यास दोन-तीन बादल्या पाणी घालावे. कार्यालयातील पिण्याच्या पाण्याच्या नळाखालचे किंवा हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी त्या आळ्यात सोडले तर हे काम कोणाच्या लक्षात राहावे लागत नाही.

मुरमाड माळरानावर सळईऐवजी चर खणून पट्टी पुरणे श्रेयस्कर. वर सांगितलेल्या मुरमातच १० मीटर लांबीची पट्टी ६० सेंटिमीटर खोल पुरली तर रोध ३० ओहमच्या आसपास येतो, म्हणजे सळईच्या निम्म्याहूनही कमी. पट्टी इमारतीभोवती वळसा घालून पूर्ण कडे केले तर अधिकच चांगले. चर भरताना दगडगोटे परत टाकू नयेत. बाजारात अर्थिंगसाठी बेंटोनाइट नावाची माती मिळते, तिचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीतही तोच चिकण खनिज विपुल असतो. तेव्हा पैसे कमी असतील तर तळ्यातील बारीक काळी गाळमाती आणून चर भरावा व चोपून ओला ठेवावा. कोळसा व मीठ घालण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे. मिठाने रोध उतरतो हे खरे, पण दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन जाते आणि तोवर त्याने लोखंड खाल्लेले असते.

बोअरच्या केसिंग पाइपला तार बांधून अर्थिंग झाले असे समजणारेही आहेत. लोखंडी केसिंग असे तेव्हा यात काही अर्थ होता. आता बहुतेक केसिंग पीव्हीसीचे असते, आणि त्याला बांधलेली तार म्हणजे खुंटीला बांधलेली तार. त्याचप्रमाणे विद्युत पुरवठ्याची न्यूट्रल तार अर्थिंग म्हणून कधीही वापरू नये. इमारतीच्या अर्थिंगशी करावयाची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

खांब, सळई आणि आसपासची जागा

यंत्र खांबाच्या अगदी टोकावर बसवू नये. खांबाच्या टोकावरील उभी सळई यंत्रापेक्षा मीटर-दीड मीटर उंच असावी, म्हणजे सळईच्या टोकापासून खाली ४५ अंशांत पसरणाऱ्या छायेत यंत्र येते. आमची सळई शंभर मीटरचा परिसर राखते, असे सांगून महाग वस्तू विकणारे गावात येतात. विजेपासून संरक्षणाचे जे भारतीय मानक आंतरराष्ट्रीय मानकावरून घेतले आहे, ते सळईची प्रत्यक्ष उंची व मापच विचारात घेते. टोकाला बसविलेल्या डब्याला त्यात वेगळे श्रेय नाही. पंचायतीचा पैसा अशा डब्यापेक्षा जमिनीतील पट्टीवर खर्च झाला तर तो कामी येईल.

जलकुंभावर यंत्र असल्यास लोखंडी शिडी, पाण्याचा नळ व कठडा हे सर्व खांबाच्या पट्टीला जोडावेत. झाडाला यंत्र बांधू नये.

वीज जमिनीत उतरली की सळईपासून दूर जाताना दाब पावलापावलाने कमी होतो. माणसाच्या दोन पायांत अंतर थोडे असते. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत ते दीड मीटरपर्यंत असते आणि प्रवाहाच्या वाटेवर काळीज येते. झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम दगावतात ती यामुळेच. म्हणून उतरत्या पट्टीपासून व सळईपासून ३ मीटरच्या आत दावण, गोठा, हौद किंवा मुलांची बसण्याची जागा ठेवू नये. शाळेच्या आवारात खांब असेल तर तेवढ्या जागेला कुंपण घालावे. पट्टी जमिनीत शिरते तेथे माणसाच्या उंचीपर्यंत जाड पीव्हीसीचा पाइप घालावा.

उत्तम व्यवस्थेलाही मर्यादा असते. आभाळ भरताच राउटरचा विद्युत पुरवठ्याचा प्लग व केबल अशी दोन्ही काढून भिंतीपासून दूर ठेवावीत. एक काढून दुसरी ठेवली तर रस्ता मोकळाच राहतो. वीज डोक्यावर आल्यावर मात्र कशालाही हात लावू नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर केबल काढण्याची वेळ टळून गेली असे समजावे. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास लोटेपर्यंत खांबावर वा जलकुंभावर कोणासही चढू देऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते आपल्या फोनवर ठेवावे.

अर्थिंगची मोजणी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, अर्थ टेस्टरने करून घ्यावी. पावसाळ्यात केलेल्या मोजणीवर ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये. रोध १० ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न असावा, पण खडकाळ जागी तो साधला नाही म्हणून जोडण्या अर्धवट सोडू नयेत. सर्व अर्थिंगे एकत्र बांधलेली असतील तर ३० ओहमचे कडेही पुष्कळ रक्षण करते, आणि सुटी असतील तर ५ ओहमची सळईही नाही. प्रत्येक मोठ्या तडाख्यानंतर सर्ज प्रोटेक्टर तपासावा, कारण यंत्राला वाचविताना तो स्वतः निकामी झालेला असू शकतो व बाहेरून तसे दिसत नाही. मोजणीचा आकडा व तारीख प्रवेशाच्या पट्टीवरील झाकणाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावी.